सोसायटीच्या एसटीपीच्या पाण्यावर शेवाळ वाढवलंय, आता काढायचं कसं?

टिळकवाडीकर | ६ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

मी बेळगावचा, टिळकवाडीतला. उद्यमबागेत पंपांची कास्टिंगं तपासण्यात ३४ वर्षं गेली, आता निवृत्त. निवृत्त माणूस सोसायटीच्या कमिटीत गेला की जे काम कोणालाच नको असतं ते त्याच्या गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, पडला. ११० फ्लॅट आहेत. घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर धरलं तर रोजचं साधारण साठ हजार लिटर सांडपाणी. प्लांटमधून बाहेर पडतं तेव्हा ते नितळ असतं, वास नसतो. थोडं बागेला, थोडं फ्लशला, उरलेलं सगळं नाल्यात.

पण नितळ म्हणजे रिकामं नव्हे. टाकीतले जिवाणू घाण खातात, अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पाण्यातच राहतं. फॉस्फरसही बहुतेक तसाच. गेल्या रिपोर्टात लिटरला २५ मिलिग्रॅम नायट्रोजन आणि ५ मिलिग्रॅम फॉस्फरस होता. म्हणजे रोज दीड किलो नायट्रोजन आम्ही नाल्याला दान करतो, आणि पुढे त्यावर जलपर्णी पोसते.

तेव्हा ठरवलं, जी हिरवळ पुढे जाऊन नदीत माजणार ती आपल्याच आवारात वाढवावी आणि काढून घ्यावी. कल्पना माझी नाही. कॅलिफोर्नियात बर्कलीला विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५७ सालीच हे मांडलं होतं. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, तो जिवाणूंना मिळतो. जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो शेवाळाला. त्यासाठी तीसेक सेंटिमीटर खोलीचं उथळ तळं, धावण्याच्या ट्रॅकसारखं लांबट, आणि पाणी हळूहळू फिरवणारं एक चाक.

पहिला प्रयोग फसला, आणि चूक शंभर टक्के माझी. तीन निळे ड्रम भरले, कुंडीखालच्या बशीतलं हिरवं पाणी विरजणासारखं टाकलं. आठ दिवस झाले तरी पाणी ढिम्म. नवव्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की मी पाणी शेवटच्या टाकीतून घेतोय, क्लोरीन मारल्यानंतरचं! मग आधीच्या टाकीतून घेतलं. पाचव्या दिवशी सकाळी वॉचमन वर आला, "पाची कट्टैत्री सर." कन्नडमध्ये शेवाळाला पाची म्हणतात. बिचाऱ्याला वाटलं ड्रम घाण झाले, घासून काढू का विचारायला आला होता. मी त्याला पेढा दिला. तो अजून माझ्याकडे जरा सांभाळूनच बघतो.

दिवाळीनंतर मागच्या मोकळ्या जागेत २० चौरस मीटरचं तळं केलं. विटांचा कठडा, आत जाड ताडपत्री, मध्ये एक आडभिंत, पाव एचपीची मोटर गिअरबॉक्ससकट, आणि ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतलेलं सहा पात्यांचं चाक. पाणी सेकंदाला वीसेक सेंटिमीटर सरकतं. सहा हजार लिटर मावतं. रोज १२०० लिटर नवं घालतो, तेवढंच बाहेर पडतं. पाण्याचा पाच दिवसांचा मुक्काम.

ओळखीच्या एका मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. बहुतेक क्लोरेला, गोल हिरवे ठिपके, आणि अधूनमधून सीनडेस्मस, चार पेशी एका ओळीत, हात धरून उभ्या राहिलेल्या बहिणींसारख्या. पीएच सकाळी पावणेआठ, दुपारी तीनला साडेनऊच्या वर. बाहेर पडणाऱ्या पाण्यात विरघळलेला नायट्रोजन २५ वरून ९-१० वर आलाय. इथवर यश.

आता अडचणी. शेवाळ पाण्यातून काढायचं कसं? सुती धोतर दुपदरी करून गाळलं, हिरवं पाणी आरपार गेलं. काढलंच तर त्याचं करायचं काय? आणि सगळ्यात जड प्रश्न: मी एकूण पाण्याच्या दोन टक्क्यांवर खेळतोय. सगळे साठ हजार लिटर घ्यायचे तर पाच दिवसांचे तीन लाख लिटर, तीस सेंटिमीटर खोलीनं हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. आमच्याकडे एका पार्किंगच्या पट्ट्यावरून दोन कुटुंबं तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

कोणी केलंय का हे?

निपाणीकर | ६ डिसेंबर, रात्री १०.१५

टिळकवाडीत दहा गुंठे? काका, सोन्याचं शेवाळ निघालं तरी परवडायचं नाही. वाचतोय.

साखरमास्तर | ७ डिसेंबर, सकाळी ७.०५

अथणी भागात साखर कारखान्यात केमिस्ट होतो, त्यामुळे गाळणे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे.

धोतरातून ते जाणारच. क्लोरेलाची पेशी चार-पाच मायक्रॉनची, धोतराची भोकं त्याच्या कितीतरी पट. शिवाय प्रत्येक पेशीवर ऋण भार असतो, त्या एकमेकींना ढकलत राहतात, म्हणून तळाशीही लवकर बसत नाहीत. आणि मुळात आहेत किती? चौरस मीटरला रोज १० ग्रॅम हे अशा तळ्याचं चांगलं उत्पन्न. वीस मीटरांत २०० ग्रॅम सुकं, तेही १२०० लिटरांत विखुरलेलं. बारा लिटरच्या घागरीत दोन ग्रॅम. घागरभर पाण्यातून अर्धा चमचा भुकटी वेचायची आहे तुम्हाला. या धंद्यात खर्चाचा वीस-तीस टक्के वाटा नुसता काढण्यात जातो तो उगीच नाही.

स्वस्तातले दोन मार्ग. तुरटी: गढूळ पाण्यात फिरवतो तशी. भार मारते, गुठळ्या होतात, खाली बसतात. पण ॲल्युमिनियम त्या गाळात राहतं. दुसरा चुना. चुन्यानं पीएच ११ च्या आसपास नेला की पाण्यातल्या मॅग्नेशियमचा जेलीसारखा साका होतो आणि तो खाली जाताना शेवाळाला मिठी मारून घेऊन जातो. आम्ही उसाचा रस चुन्यानंच निवळतो. रसायन वेगळं, पण साका खाली नेण्याची युक्ती तीच.

फुकटचाही एक आहे. तुमचा पीएच दुपारी साडेनऊच्या वर जातोच आहे. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून तो चढतो. थोडं पाणी तीनला बाजूच्या उभट टाकीत घ्या, हलवू नका, रात्रभर ठेवा. पाणी जड असेल, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असेल, तर बरंचसं आपोआप बसेल.

आणि एक गोष्ट तुमच्या लिखाणात सुटली आहे. विरघळलेला नायट्रोजन कमी झाला हे खरं, पण तो गेला कुठे? शेवाळाच्या पोटात. ते शेवाळ न काढता पाणी नाल्यात सोडलंत तर नायट्रोजनही नाल्यातच गेला, फक्त हिरवा होऊन. तरंगता गाळ मात्र वाढला. आत येणारं पाणी तुमच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा स्वच्छ असेल!

टिळकवाडीकर | ७ डिसेंबर, सकाळी ८.३०

शेवटच्या परिच्छेदानं चहा गार झाला, मास्तर. खरंच सुटलं होतं. "यश" हा शब्द मागे घेतो.

उभट टाकी आजच करतो.

निपाणीकर | ७ डिसेंबर, सकाळी ९.००

चुना पाहिजे असेल तर आमच्याकडे या. निपाणीत दर तिसऱ्या खिशात डबी आहे.

पुणे_टेक | ७ डिसेंबर, दुपारी १.२०

यातून बायोडिझेल का नाही काढत? शेवाळात सोयाबीनपेक्षा कितीतरी जास्त तेल असतं. स्टार्टअप होऊ शकतं.

टिळकवाडीकर | ७ डिसेंबर, दुपारी ४.१०

पुणेकर, हा मोह मलाही झाला होता, म्हणून आकडे मांडले. रोजचे २०० ग्रॅम, वीस टक्के तेल धरा, ४० ग्रॅम. आमच्या घरी भजी तळायला त्याहून जास्त लागतं. मोटर पाव एचपीची, चोवीस तासांत साडेचार युनिट खाते. दोनशे ग्रॅम सुकं शेवाळ सरळ चुलीत घातलं तरी त्यातली एकूण उष्णता एक युनिटच्या आसपास. म्हणजे साडेचार घालून एक काढायचं. माझी मोटर गरजेपेक्षा मोठी आहे हे मान्य. लहान तळ्याला लहान मोटर बसवली असती तर हिशेब जरा कमी लाजिरवाणा दिसला असता. पण अमेरिकेच्या सरकारनं १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं शेवाळापासून इंधन काढण्याच्या कार्यक्रमात घालवली, आणि खनिज तेलाच्या भावापुढे ते टिकत नाही म्हणून बंद केला. तिथे मी कोण?

साखरमास्तर | ७ डिसेंबर, सायंकाळी ६.००

तेल न काढता ओलंच बायोगॅसच्या टाकीत घालणं जास्त शहाणपणाचं. वाळवायचा खर्च वाचतो. स्पेनमध्ये चिकलाना गावी सांडपाण्याच्या शेवाळावर गॅस करून मोटारी चालवून दाखवल्या आहेत. पण तिथे ऊन आहे आणि मोकळी जमीन आहे.

आमच्या भागात, चिकोडी-अथणी-रायबागला, ऊन आहे, जमीनही आहे. कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो: डिस्टिलरीचा स्पेंटवॉश यासाठी नको. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना दहा ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, बीओडी, म्हणजे घाण कुजवायला लागणारा प्राणवायू, लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम. नायट्रोजन-पोटॅश भरपूर, पण रंग काळ्या चहाहून काळा. चार बोटांखाली उजेड पोचत नाही, आणि शेवाळाला पहिलं अन्न उजेड. दहा-वीस पट पातळ करायचा तर तेवढं गोडं पाणी आणायचं कुठून? उलट डिस्टिलरीतल्या किण्वनाच्या टाक्यांमधून जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो चांगला शुद्ध असतो. गावाच्या एसटीपीचं पाणी आणि शेजारच्या डिस्टिलरीचा वायू एका ठिकाणी आणता आला तर गोष्ट वेगळी. कागदावर फार छान दिसतं. मी कागदावरच पाहिलंय.

कागवाडकर | ८ डिसेंबर, सकाळी ११.३०

विषय निघालाच आहे तर माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी एका कंपनीनं स्पिरुलिनाची टाकी बसवून दिली, बियाणं दिलं, "माल आम्हीच परत घेऊ" असा करार. दोन हंगाम घेतला. तिसऱ्या वेळी फोन बंद. नाव लिहीत नाही, लिहून पैसे परत येणार नाहीत. घरात अजून चार किलो हिरवी भुकटी आहे. म्हशीसुद्धा वास घेऊन तोंड फिरवतात.

पण स्पिरुलिना गाळायला त्रास नव्हता. बारीक जाळीच्या कापडावर सरळ चिखलासारखी राहायची.

सूक्ष्मदर्शी | ८ डिसेंबर, दुपारी ३.४५

(वर उल्लेख झालेल्या मॅडम त्या मीच.)

कागवाडकर, कारण स्पिरुलिना स्प्रिंगसारखी लांब असते, शेकडो मायक्रॉन, म्हणून कापडावर अडकते. खरं तर ती शेवाळ नव्हे, नील-हरित जिवाणू. तिला भरपूर खाण्याचा सोडा आणि पीएच साडेनऊ-दहा लागतो. तेवढ्या खाऱ्या पाण्यात दुसरं कोणी फारसं टिकत नाही, म्हणून ती स्वच्छ मिळते. सांडपाण्याच्या तळ्यात जे येईल ते वाढतं, निवड आपल्या हाती नाही.

म्हणून ठळक अक्षरांत लिहिल्यासारखं वाचा: सांडपाण्यावरचं शेवाळ माणसाच्या खाण्यात नको, आणि दुभत्या जनावराच्याही नको. ऊन, चढा पीएच आणि प्राणवायू यांनी बरेच जंतू मरतात, पण जंतांची अंडी तळाच्या गाळात बसून राहतात. शिवाय शेवाळ जड धातू ओढून घेतं. सोसायटीच्या पाण्यात ते कमी असतील, पण फौंड्री-प्लेटिंगचं पाणी मिसळणाऱ्या नाल्याचं शेवाळ म्हणजे धातूंची गोळी. कोथिंबीर, मुळा, पालक असल्या कच्च्या खायच्या भाजीवरही घालू नका.

खानापूरची_लेक | ८ डिसेंबर, रात्री ८.५०

काका, एवढा खटाटोप कशाला? आमच्या मागच्या दारी अझोलाचा, त्या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचा, खड्डा आहे. आई सकाळी पिठाच्या चाळणीनं उचलते (जुनी चाळण, काळजी नको) आणि गाईपुढं टाकते. चुना नाही, तुरटी नाही, मोटर नाही. तुमच्या पाण्यावर अझोला सोडा की.

टिळकवाडीकर | ८ डिसेंबर, रात्री ९.३०

लेकी, चाळणीचा मुद्दा बिनतोड. पण अझोलाच्या पानात जो नील-हरित पाहुणा राहतो तो हवेतला नायट्रोजन पकडतो. त्यामुळे तो माझ्या पाण्यातल्या नायट्रोजनसाठी हपापलेला नसतो. फॉस्फरस घेईल. मला जे काढायचंय तेच तो मागे ठेवेल. त्यापेक्षा ते टिकलीएवढ्या पानांचं तरंगणारं डकवीड बरं, ते पाण्यातलाच नायट्रोजन घेतं आणि चाळणीतही येतं. एका ड्रममध्ये लावून बघतो.

कोलकात्यातला_बेळगावकर | ९ डिसेंबर, सकाळी १०.१०

चाळणीवरून आठवलं. इथे शहराच्या पूर्वेला पाणथळ जमीन आहे, १२,५०० हेक्टर, २००२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. शहराचं सांडपाणी उथळ तलावांत घेतात, ज्यांना इथे भेरी म्हणतात. पाणी उन्हात हिरवं होतं, ती हिरवळ माशांच्या आणि बारीक किड्यांच्या पोटात जाते, आणि मासे बाजारात. हे कित्येक पिढ्या चाललंय. तुम्ही गाळणी शोधताय, त्यांनी गाळणीला कल्ले आणि शेपूट लावलं. मी रोहू खातो, मजेत आहे. ठळक अक्षरांतला इशारा माशालाही लागू आहे का, ते मॅडमना विचारायचं धाडस करत नाही.

बेळगावी_बॉय | ९ डिसेंबर, दुपारी १२.००

सगळे बेळगाव बेळगाव काय लिहिताय, २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी आहे.

(यावरचे १७ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे शेवाळावर बोला. - व्यवस्थापक)

येळ्ळूरचा_भातवाला | १० डिसेंबर, रात्री ९.००

साहेब, राग मानू नका, पण मला ह्यात एक कळंना. नाल्याचं पाणी मी लहानपणापासून बघूलोय. पावसाळ्यात नाला फुगतोय, भातात शिरतंय, आठ-आठ दिवस पाणी उभं. वरनं त्या पाण्यात खत जास्त, मग भात उंच होतंय आणि लोंबी भरायच्या टायमाला लोळतंय. आमचं बेळगाव बासमतीचं धाट तर मुळातच नाजूक. म्हणजे पाण्यात खत हाय हे आम्हाला तुमच्या रिपोर्टाआधी कळालंय.

आता माझा सवाल. खत पाण्यात हाय, पिकाला खत पाहिजे. मग मधी शेवाळ कशाला घालायचं? उन्हाळ्यात पाणी सरळ शेताला द्या की. शेवाळ वाढवा, मग काढा, मग वाळवा, मग शेतात नेऊन टाका. म्हणजे दूध असताना आधी लोणी काढून, तूप कढवून, परत पाण्यात कालवून प्यायचं.

टिळकवाडीकर | ११ डिसेंबर, सकाळी ७.१५

रात्रभर या प्रतिसादावर विचार केला. उन्हाळ्यापुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. मार्च ते मे पाणी मागणारे दहा जण भेटतील. माझा युक्तिवाद पावसाळ्याचा होता, तेव्हा पाणी कोणालाच नको असतं, म्हणून खत तिथेच अडवावं. आणि लिहिता लिहिता हात थांबला. पावसाळ्यात बेळगावात ऊन कुठे असतं? जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आभाळ डोक्याला टेकलेलं. शिवाय एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर माझ्या तळ्यात दोन हजार लिटर पावसाचं पाणी शिरणार, तिसरा हिस्सा. जे वाढलंय तेही वाहून जाणार.

म्हणजे ऊन असतं तेव्हा शेताला पाणी हवं, आणि शेताला पाणी नको असतं तेव्हा ऊन नाही. उरले ऑक्टोबर ते फेब्रुवारी. अथणीला हा हिशेब वेगळा निघेल, तिथे पाऊस आमच्या निम्म्याहून कमी. टिळकवाडीत हा असा.

साखरमास्तर | ११ डिसेंबर, सकाळी ९.४०

भातवाल्यांनी जे दोन ओळींत विचारलं ते विचारायला आमच्यासारख्यांना प्रकल्प अहवाल लागतो.

टिळकवाडीकर | १४ जानेवारी, सायंकाळी ५.३०

तिळगूळ घ्या, आणि हिशेब ऐका.

मास्तरांची उभट टाकी चालली. तीनला पाणी भरायचं, सकाळी सातला खाली हिरवा साका, वर बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. नुसत्या पीएचवर निम्म्याच्या वर बसतं. चिमूटभर चुना जास्त घातला की जवळजवळ सगळं. दहा दिवसांचा साका जमवला, २०० लिटरचा एक ड्रम भरला. थोडं वाळवून वजन घेतलं, चुन्याचा भाग अंदाजे वजा केला. ड्रमभर पातळ चिखलात सुकं शेवाळ पावणेदोन किलो.

त्यात नायट्रोजन आठ टक्के धरला तर १४० ग्रॅम. युरियात ४६ टक्के असतो, म्हणजे हा ड्रम साधारण ३०० ग्रॅम युरियाएवढा. पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. माझ्या दहा दिवसांच्या पिकाची खत म्हणून किंमत जेमतेम पावणेदोन रुपये. त्यासाठी ४५ युनिट वीज जाळली.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तरी बरं, मोजलंत.

कागवाडकर | १४ जानेवारी, रात्री ८.००

माझ्यापेक्षा बरे. तुम्ही तुमचेच पैसे घालवले.

सूक्ष्मदर्शी | १५ जानेवारी, सकाळी १०.२०

हिशेब बरोबर, पण युरिया एवढा स्वस्त आहे तो सरकार अनुदान देतं म्हणून. आणि शेवाळात फॉस्फरस, पोटॅश, सेंद्रिय कार्बनही आहे. शिवाय तुम्ही किंमत लावताय ती चिखलाची. नाल्यात न गेलेल्या नायट्रोजनची किंमत कोण लावणार? ती कोणी देत नाही म्हणून ती शून्य, एवढंच.

येळ्ळूरचा_भातवाला | १५ जानेवारी, रात्री ९.१०

भातात जे नील-हरित शेवाळ सोडतात ते हेच का? कृषी खात्याच्या माणसानं मागं पाकीट दिल्तं.

सूक्ष्मदर्शी | १६ जानेवारी, सकाळी ९.००

नाही दादा, ते वेगळं. नॉस्टॉक, ॲनाबीना वगैरे. ते हवेतला नायट्रोजन भाताच्या उभ्या पाण्यात बांधतात. १९३९ साली पी. के. डे यांनी बंगालच्या भातशेतीवर काम करून ते दाखवलं. काकांचं शेवाळ हवेतलं काही घेत नाही, पाण्यात आहे तेवढंच गोळा करतं. ते कमावणारे, हे साठवणारं.

टिळकवाडीकर | १९ फेब्रुवारी, सकाळी ८.००

तळं मेलं. सोमवारी गर्द हिरवं होतं, गुरुवारी कोऱ्या चहासारखं. मॅडमकडे बाटली नेली.

सूक्ष्मदर्शी | १९ फेब्रुवारी, दुपारी २.३०

रोटिफर, शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी. तोंडाशी केसांची दोन चक्रं गरगर फिरवत क्लोरेला ओढून घेतात. एका थेंबात सात मोजले, प्रत्येकाचं पोट हिरवंगार. थंडी ओसरली, पाणी ऊबदार झालं, त्यांची संख्या दोन-तीन दिवसांत दुपटीनं वाढत गेली. उघड्या तळ्यांचा हा जुना रोग आहे. सीनडेस्मस गिळायला अवघड म्हणून तेवढं शिल्लक राहिलंय. तळं रिकामं करा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, ड्रममधलं राखीव बी परत सोडा. पाण्याचा मुक्काम पाचाऐवजी तीन-चार दिवसांवर आणला तर रोटिफर वाढायच्या आत वाहून जातात.

कोलकात्यातला_बेळगावकर | १९ फेब्रुवारी, रात्री ११.००

गाळणी स्वतःहून आली होती, काका. फक्त ती बाजारात विकता येत नाही.

निपाणीकर | २० फेब्रुवारी, सकाळी ८.४५

डासांचं काय? आमच्या कॉलनीत असलं तळं केलं असतं तर मला त्यातच बुडवला असता.

टिळकवाडीकर | २७ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

चाक फिरतंय तोवर डास अंडी घालत नाहीत, त्यांना स्थिर पाणी लागतं. पण तळं वाळवायला बंद केलं तेव्हा कोपऱ्यात वीतभर पाणी राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी बी विंगच्या एका वहिनींनी काचेच्या ग्लासात अळ्या घालून कमिटीच्या बैठकीत टेबलावर ठेवल्या. आता कोपऱ्यात गप्पी मासे आहेत.

बैठकीत ठराव झाला: तळं ३१ मेपर्यंत ठेवावं, नंतर जागा पार्किंगला. ती दोन कुटुंबं त्या ठरावावर पहिल्यांदा एकमतानं हात वर करून बसली होती. तेवढं तरी माझ्या शेवाळानं केलं.

येळ्ळूरचा_भातवाला | २२ मे, रात्री ८.३०

साहेब, धागा वर काढतोय. तळं काढणार म्हणालासा. त्यातला तो हिरवा चिखल फेकणार काय?

आम्ही धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्यातच पेरणी, केलंय, पण दोन वाफे तरवा, म्हणजे लावणीची रोपं, पण टाकणार हाय. तुमचा हिशेब वाचला मी, पावणेदोन रुपयाचा. असूदे. सकाळी दूध घालायला टिळकवाडीत येतोच, परत जाताना गाडी मोकळीच जाती. तरवा काय कोण कच्चा खात न्हाई, ताईंनी सांगितलेलं ध्यानात हाय. आणि दुधाचे कॅन न्हवं, वेगळे आणतो.

सूक्ष्मदर्शी | २३ मे, सकाळी ७.५०

हातमोजे घाला दादा. आणि एका वाफ्यात घाला, दुसरा तसाच ठेवा. फरक दिसला तर फोटो टाका, नाही दिसला तरी टाका.

टिळकवाडीकर | २३ मे, सकाळी ८.१०

अडीच ड्रम साठलाय, सगळा तुमचा. मागच्या गेटनं या, पुढच्या गेटला कमिटीवाले असतात. वॉचमननं अडवलं तर नुसतं "पाची" म्हणा, सोडेल.